उघड्या छताची, चारही चाकांना ताकद देणारी गाडी: मायलेजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रांच्या आणि त्यांच्या ओळखीतल्यांच्या गाड्यांचे पेट्रोलचे हिशेब मी बरीच वर्षं बघतो आहे. त्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी मुख्यतः मर्सिडीज सीएलई ३०० कॅब्रिओले ४मॅटिक घेतली आहे (कॅब्रिओले म्हणजे उघडणाऱ्या छताची, ४मॅटिक म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी). ऑगस्ट २०२४ मध्ये ती भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १ कोटी १० लाख होती. गरज पडली तिथे दुसऱ्या गाड्यांचाही उल्लेख आहे.

१. सरळ सांगा, ॲव्हरेज किती देते?

सीएलई ३०० कॅब्रिओले ४मॅटिकमध्ये २ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे. ताकद २५८ अश्वशक्ती, जोडीला ४८ व्होल्टची छोटी हायब्रिड मोटर. युरोपातल्या चाचणीत ही गाडी १०० किलोमीटरला आठ लिटरच्या आसपास पेट्रोल घेते, म्हणजे लिटरमागे साडेबारा किलोमीटर. मोकळ्या हायवेवर संयमाने चालवली तर हा आकडा खरोखर मिळतो. पुण्या-मुंबईच्या गर्दीत मात्र तो सात-आठवर येतो आणि त्याचं आश्चर्य वाटायला नको.

एएमजी एसएल ५५ ४मॅटिक+ हे वेगळंच प्रकरण आहे. ४ लिटरचं व्ही८ इंजिन, ४७६ अश्वशक्ती. युरोपीय चाचणीत तिचा खप १०० किलोमीटरला ११.८ ते १२.७ लिटर, म्हणजे लिटरमागे आठ किलोमीटर. शहरात ती पाचच्याही खाली जाऊ शकते.

२. कुठल्या गाड्या या प्रकारात येतात? उघडणाऱ्या छताच्या सगळ्याच का?

सगळ्या नाहीत, आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. बीएमडब्ल्यू झेड४ मागच्या चाकांवर चालते, मिनीची कन्व्हर्टिबल पुढच्या. चारही चाकांना ताकद देणाऱ्यांत सीएलई ३०० ४मॅटिक, नवी एसएल ५५, नावात ‘४’ असलेली पोर्शे ९११ कॅब्रिओले आणि बेंटली कॉन्टिनेंटल जीटीसी येतात. एसएलचा इतिहास जवळपास सत्तर वर्षांचा, पण चारही चाकांना ताकद तिला पहिल्यांदा २०२१ च्या पिढीत मिळाली. जुन्या एसएलचे मायलेजचे अनुभव नव्या गाडीला लावू नयेत, त्याचं हे एक कारण.

३. कोटीची गाडी घेणाऱ्याने मायलेज कशाला विचारायचं?

हा टोमणा ऐकून अनेक जण प्रश्नच गिळून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. पैशाची फिकीर नसली तरी टाकीत आहे तेवढ्यावर पुढचा चांगला पंप गाठता येईल का, हे कळायलाच हवं. रत्नागिरीहून खाली गोव्याकडे जाताना आपल्याला हवं ते पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळत नाही. दुसरं, मायलेज ही गाडीची नाडी आहे. इंजिन, ब्रेक, टायर, बॅटरी यातलं काहीही बिघडायला लागलं की दिवा लागण्याच्या आधी आकडा हलतो (प्रश्न २१ मध्ये एक उदाहरण दिलं आहे). आणि तिसरं म्हणजे जाळलेल्या प्रत्येक लिटरचा धूर सगळ्यांच्याच नाकात जातो, गाडी कितीचीही असो. तेव्हा बिनधास्त विचारा.

४. कंपनी ‘१०० किलोमीटरला इतके लिटर’ असं लिहिते. आपल्या हिशेबात कसं आणायचं?

१०० ला त्या आकड्याने भागा. ८ लिटर म्हणजे १२.५ किलोमीटर, १० म्हणजे १०, १२.५ म्हणजे ८.

मात्र हा युरोपीय हिशेब डोक्यात बसवून घ्या, असा माझा आग्रह आहे, कारण आपला ‘लिटरमागे किलोमीटर’ हिशेब फसवतो. पाचचं ॲव्हरेज सहा झालं तर हजार किलोमीटरला ३३ लिटर वाचतात. बाराचं तेरा झालं तर फक्त साडेसहा लिटर. दोन्हीकडे वाढ ‘एक’ची, पण खिशात उरणारी रक्कम पाचपट वेगळी. सरासरीचंही तेच. शंभर किलोमीटर शहरात सहाने आणि शंभर हायवेवर चौदाने चालवली, तर सरासरी दहा येत नाही, ८.४ येते. शहरातली किलोमीटरं जास्त पेट्रोल पितात आणि सरासरी आपल्याकडे ओढतात.

५. ‘एआरएआय मायलेज’ आणि युरोपचा आकडा यात एवढा फरक का?

एआरएआय म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली, गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था. तिच्यावरून पुणेकर टेकडीच्या त्या भागाला एआरएआय टेकडीच म्हणतात. तिथे आणि तशाच इतर प्रयोगशाळांत गाडी रोलरवर ठेवून ठरावीक वेळापत्रकाने चालवतात. त्या वेळापत्रकाचं नाव एमआयडीसी. आपल्या औद्योगिक वसाहतींशी त्याचा संबंध नाही, ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’चं ते लघुरूप. चाचणी साधारण वीस मिनिटांची, अंतर दहा-साडेदहा किलोमीटर, कमाल वेग ताशी ९० आणि एसी बंद.

युरोपात २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी लागू झाली. ती चाचणी तीस मिनिटांची, सव्वातेवीस किलोमीटरची आणि वेग ताशी १३१ पर्यंत जातो. वेग वाढवणं आणि कमी करणंही त्यात जास्त जोरदार आहे. मोठ्या इंजिनाच्या जड गाडीला ही चाचणी जास्त खरी लागू पडते.

दोन्हींतली तफावत एकाच गाडीवर बघायची असेल तर एमजी सायबरस्टर घ्या. चारही चाकांना ताकद देणारी ही विजेवरची उघडी गाडी जुलै २०२५ मध्ये आपल्याकडे आली. भारतीय चाचणीत एका चार्जमध्ये ५८० किलोमीटर, तर ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या, तेवढ्याच बॅटरीच्या दोन मोटरवाल्या गाडीला डब्ल्यूएलटीपीनुसार ४४४. मी तरी खरेदीचा विचार नेहमी दुसऱ्या आकड्यावरून करतो.

६. न्यू जर्सीतला माझा भाऊ म्हणतो त्याची गाडी २५ देते, आमची का नाही?

तो मैल आणि गॅलनमध्ये बोलतो आहे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, त्यामुळे त्याचे २५ म्हणजे आपले १०.६. भाऊ लंडनमध्ये असता तर तेच २५ आपले ८.८ झाले असते, कारण ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. अमेरिकन आकड्याला ०.४२५ ने आणि ब्रिटिश आकड्याला ०.३५४ ने गुणा.

अमेरिकेतल्या स्टिकरवरच्या आकड्यात २००८ पासून जास्त वेग, एसी आणि थंडी यांचाही विचार केलेला असतो, म्हणून तो प्रत्यक्ष वापराच्या बराच जवळ असतो.

७. चारही चाकांना ताकद दिल्यामुळे पेट्रोल किती जास्त जातं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी. पुढच्या चाकांपर्यंत ताकद न्यायची म्हणजे एक जास्तीचा शाफ्ट, एक डिफरन्शियल आणि ताकद वाटणारा गिअरसंच आला. त्याचं वजन साठ-सत्तर किलो धरा. शिवाय हे सगळे भाग तेलात फिरत असतात, तिथे घर्षण होतं. सगळं मिळून १०० किलोमीटरला पाव ते अर्धा लिटर.

वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याने मधला ०.४ लिटर धरला तर ४० लिटर होतात. लिटरला १०४ रुपयांच्या हिशेबाने वर्षाचे चार हजार एकशे साठ. पावसात आंबोली किंवा ताम्हिणी घाटात ओल्या वळणावरून गाडी जशी चिकटून निघते, त्यासाठी एवढे पैसे मी आनंदाने देईन.

८. सुक्या रस्त्यावर ही सोय बंद करून पेट्रोल वाचवता येतं का?

सीएलईत नाही. तिची ४मॅटिक कायम चालू असते. बंद करायला बटण नाही आणि कुठली तार काढून ते करायचा प्रयत्न तर अजिबात करू नका.

काही कंपन्यांनी हे काम गाडीवरच सोपवलं आहे. पोर्शे ९११ मूळची मागच्या चाकांची, पुढची चाकं गरजेनुसार क्लचने जोडली जातात. ऑडीने २०१६ मध्ये ‘क्वाट्रो अल्ट्रा’ आणली, त्यात गरज नसेल तेव्हा मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच सुटा होऊन थांबतो. १०० किलोमीटरला सरासरी ०.३ लिटर वाचतं, असा ऑडीचा दावा आहे. प्रश्न ७ मधल्या आकड्याशी तो छान जुळतो.

९. त्याच गाडीची बंद छताची कूपे जास्त ॲव्हरेज का देते?

वजनामुळे. पत्र्याचं छत गाडीच्या सांगाड्याला बांधून ठेवतं. ते काढलं की सांगाडा पिळवटू नये म्हणून खालून, दरवाज्याखालच्या पट्ट्यांतून आणि पुढच्या काचेच्या चौकटीतून जास्तीचं पोलाद घालावं लागतं. वर छताची यंत्रणा, मोटर, गाडी उलटली तर वर उसळणारे संरक्षक दांडे. हे सगळं मिळून पन्नास ते दीडशे किलो वाढतात. शहरात दर सिग्नलला हे वजन पुन्हा हलवावं लागतं. सपाट हायवेवर एका वेगाने चालताना त्याचा फारसा भार पडत नाही.

१०. छत उघडं ठेवून चालवली तर मायलेज किती पडतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळे नीट सांगतो.

पहिली गोष्ट, कागदावरचे सगळे आकडे छत आणि काचा बंद असतानाचे आहेत. छत बंद असलं की हवा पुढच्या काचेवरून छतावर आणि तिथून मागे अलगद घसरते. उघडलं की काचेच्या वरच्या कडेवरून ती सुटते, सीटांवर कोसळते आणि मागे भोवरे करते. हे भोवरे म्हणजे गाडीला मागे ओढणारा हात समजा.

आता हिशेब. छत उघडल्यावर हवेचा विरोध दहा ते वीस टक्के वाढला असं धरू. ताशी १०० च्या वेगाला इंजिनाच्या कामातलं साधारण निम्मं काम हवेशी झगडण्यात जातं. म्हणजे एकूण खप पाच ते दहा टक्क्यांनी वाढतो, लिटरमागे साडेबाराऐवजी साडेअकरा-बारा. ताशी ४०-५० ला हवेचा वाटा लहान असल्यामुळे फरक जाणवतच नाही. मरीन ड्राइव्हला संध्याकाळी छत उघडून सावकाश फिरताना पेट्रोलची काळजी करण्याचं काहीच कारण नाही.

बाजूच्या काचा वर ठेवल्या तर भोवरे कमी होतात, मागच्या सीटमागची जाळी लावली तर आणखी कमी. सीएलईत पुढच्या काचेच्या वर उठणारी एअरकॅपची पट्टी आहे. ती आतला वारा शांत करते, पण हवेला वर ढकलून करते. मागे लहान मुलं बसली असतील तर जरूर वापरा, फक्त तिने पेट्रोल वाचेल अशी अपेक्षा नको.

आणि छत उघडायला-मिटायला पेट्रोल लागतं का? वीस सेकंद चालणारी मोटर आहे, तिचा खर्च विसरून जा. ताशी ६० पर्यंत चालत्या गाडीतही ते उघडतं, त्यासाठी बाजूला थांबून इंजिन चालू ठेवायची गरज नाही.

११. छत उघडं आणि एसीही चालू, हे चुकीचं आहे का?

चुकीचं नाही, खर्चिक आहे. बंद गाडीत एसी आतली हवा एकदा थंड करतो आणि मग कॉम्प्रेसर दम खातो. उघड्या गाडीत थंड हवा सतत उडून जाते, त्यामुळे त्याला पूर्ण जोर लावावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात सूर्य मावळेपर्यंत छत बंदच ठेवा, हे मी पेट्रोलपेक्षा तुमच्या डोक्याच्या काळजीने सांगतो.

१२. मुंबईहून पुण्याला येताना ॲव्हरेज पडतं, जाताना वाढतं. गाडीत दोष आहे का?

दोष नाही, मध्ये सह्याद्री आहे. खोपोलीच्या बाजूने खंडाळ्यापर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. माणसांसकट दोन टन वजन एवढं वर उचलायला सुमारे १०.८ मेगाजूल ऊर्जा लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाजूल असतात, पण इंजिन त्यातली एक तृतीयांशच चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे बोरघाटाची किंमत बरोबर एक लिटर. पुणंही ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे घाट संपल्यावर ते लिटर परत मिळत नाही.

दीडशे किलोमीटरच्या प्रवासात सपाटीचं ॲव्हरेज १३ धरलं, तर पुण्याकडे येताना १२ आणि मुंबईकडे जाताना १४ च्या जवळ दिसेल. एकाच बाजूचा आकडा मित्रांना सांगू नका, जाऊन-येऊन मोजा.

उतारावर न्यूट्रलला टाकणं हा आपल्याकडचा जुना आणि धोक्याचा समज आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाचा पेट्रोलपुरवठा आपोआप पूर्ण बंद होतो, न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला पेट्रोल लागतं. सीएलईची ४८ व्होल्टची मोटर याच वेळी बॅटरीही भरते. पुढचं प्रश्न १४ मध्ये.

१३. एक्सप्रेस-वेवर कुठल्या वेगाला ॲव्हरेज सगळ्यात चांगलं?

ताशी ८० ते ९०. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले की तो ५६ टक्के जास्त, १०० चे १२० केले की आणखी ४४ टक्के. एक्सप्रेस-वेवर मोटारींना मर्यादा १०० आहे, घाटात त्याहून बरीच कमी. मर्यादेत राहणाऱ्याला दंडाची भीती नाही आणि पेट्रोलही वाचतं. अटल सेतूवर समुद्राचा वारा समोरून असेल तर त्याच वेगाला खप थोडा जास्त दिसेल, तेही नैसर्गिक आहे.

१४. हायब्रिड मोटर आहे तरी शहरात सात-आठच का?

कारण ती मोटर गाडी एकटीने ओढत नाही. २३ अश्वशक्तीची ही मोटर निघताना धक्का देते, इंजिन बंद-चालू अलगद करते आणि ब्रेक मारताना वाया जाणारी थोडी ऊर्जा परत घेते. दोन टनांची गाडी विमाननगर ते हिंजवडी या अंतरात शंभर वेळा थांबून निघाली तर ती फार काही वाचवू शकत नाही.

थांबल्या जागी किती जातं? २ लिटरचं इंजिन एसीविना आयडलिंगला तासाला साधारण ०.६ लिटर पितं, साडेचार लिटरच्या आसपासचं दीड लिटर. एसी लावला की त्यात भर. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय अनेक जण सवयीने बंद करून टाकतात, म्हणूनच ते करू नका. सीएलईत ते इतकं गुळगुळीत होतं की कळतही नाही.

इको मोडमध्ये पाय काढल्यावर इंजिन बंद ठेवून गाडी तरंगत जाते. पुढचा सिग्नल लाल दिसताच लवकर पाय उचलला तर शहरात खरा फरक इथेच पडतो.

१५. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने मायलेज कमी झालं का?

हो, थोडं होतं, आणि त्याचं कारण साधं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते. वीस टक्के मिसळलं की मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर चांगल्या ऑक्टेनचा फायदा घेऊन ते काही भरून काढतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट धरली आहे, ई२० साठी जुळवलेल्यांत १ ते २ टक्के.

सीएलईसारख्या एप्रिल २०२३ नंतर विकल्या गेलेल्या गाड्यांतले पाइप, सील हे भाग ई२० सहन करणारे आहेत. २०१२-१५ च्या आयात गाड्यांचं तसं नाही. पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं लेबल वाचा आणि त्यावर ई१० ची मर्यादा असेल तर कंपनीकडून लेखी सल्ला घ्या.

कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात माझे नातेवाईक आहेत, इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात पैसा येतो हे मी बघतो. तरीही पंपावर ‘यात किती टक्के’ हे ग्राहकाला स्वच्छ दिसलं पाहिजे आणि पर्याय असला पाहिजे, असं माझं मत आहे.

१६. १०० ऑक्टेन भरल्यावर ॲव्हरेज वाढेल का?

९५ साठी बनवलेल्या इंजिनात जाणवण्याइतकं नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, इंजिनात वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता. उलट दिशेने मात्र नुकसान होतं. लेबलवर लिहिल्यापेक्षा कमी ऑक्टेन भरलं तर टर्बो इंजिन ठोका टाळण्यासाठी ठिणगी उशिरा देतं, त्यात ताकद आणि मायलेज दोन्ही जातं. काही दमदार इंजिनांना ९८ लागतं, त्यांच्यासाठी १०० चा खर्च योग्य आहे.

१७. घरच्या घरी मायलेज नीट कसं मोजायचं?

टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. ‘साहेब, राउंड फिगर करू?’ याला नम्रपणे नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्यावर. निदान तीनशे किलोमीटर चालवून शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलला पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत भरा. किलोमीटरला लिटरने भागा. एकदा केलेलं मोजमाप खोटं ठरू शकतं, तीन-चार भरणांची सरासरी धरा.

सोबत छोटी वही ठेवा आणि प्रत्येक नोंदीपुढे दोन शब्द लिहा: ‘छत उघडं’, ‘घाट’, ‘पाऊस’, ‘नुसतं शहर’. सहा महिन्यांनी ही वही कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगते.

१८. गाडीच्या पडद्यावर १२ दिसतात आणि पंपाच्या हिशेबाने ११ येतात. खरं कुठलं?

पंपाचा, प्रश्न १७ प्रमाणे मोजला असेल तर. पडदा इंजेक्टर किती वेळ उघडे होते त्यावरून अंदाज करतो आणि पेट्रोलच्या प्रकारानुसार तो चुकतो. सवयीने तुमच्या गाडीचा ठरावीक फरक कळतो. पडद्याचा उपयोग तुलनेसाठी करा, आज कालपेक्षा जास्त की कमी.

१९. टायरची हवा आणि मायलेज यांचा संबंध खरा आहे का?

खरा आहे आणि सगळ्यात स्वस्त उपाय आहे. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबतो, तापतो, पेट्रोल खातो. पंधरा दिवसांनी, सकाळी थंड टायरवर तपासा.

चारही चाकांच्या गाडीत आणखी एक बारकावा आहे. एकच टायर फाटला म्हणून एकच नवा बसवला, तर त्याचा घेर बाकीच्यांपेक्षा किंचित मोठा असतो. पुढच्या-मागच्या चाकांचा वेग कायम वेगळा राहतो आणि मधला डिफरन्शियल किंवा क्लच सतत काम करत बसतो. पेट्रोल थोडं वाया जातं, झीज फार होते. निदान जोडीने बदला, आणि नक्षीच्या खोलीतला किती फरक चालतो हे मॅन्युअलमध्ये बघा.

२०. गाडी महिन्यातून दोनदाच निघते. तेव्हा ॲव्हरेज खूपच कमी दिसतं.

थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, तेलही घट्ट असतं. पाच किलोमीटरच्या फेरीत गाडी तापायच्या आतच घरी येते. शिवाय उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असते, ती भरण्याचं कामही त्याच पेट्रोलवर. दोन छोट्या फेऱ्यांऐवजी एक लांब फेरी करा, पानशेतपर्यंत जाऊन या. मुंबईच्या दमट हवेत इथेनॉलमिश्रित पेट्रोल महिनोन् महिने अर्ध्या टाकीत पडू देऊ नका, ते ओलावा शोषतं.

२१. काही न बदलता ॲव्हरेज एकदम दोन-अडीचने पडलं. काय बघायचं?

आधी हवा (प्रश्न १९), मग वापरात काही बदल झाला का ते, आणि मग ब्रेक.

एका मित्राच्या गाडीचं हायवे ॲव्हरेज बाराचं साडेनऊ झालं. वर्कशॉपने सांगितलं, ‘ई२० आहे, सगळ्यांचंच पडलंय.’ पण प्रश्न १५ मधले टक्के आठवा, त्याने बाराचे अकरा-सव्वाअकरा होतील, साडेनऊ नाही. वीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला तर मागचं डावं चाक भट्टीसारखं तापलेलं. ब्रेकचा कॅलिपर अडकून पॅड सतत घासत होता. हे चार महिने चाललं होतं. मित्राकडे वही होती म्हणून पडल्याची तारीख सापडली, ती पावसाळ्यात गाडी तीन आठवडे उभी राहिल्यानंतरची निघाली. चाक तापलेलं असतं, म्हणून हात लावू नका, जवळ नेला तरी धग कळते.

ब्रेक ठीक असेल तर अलाइनमेंट, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही. सिग्नलला इंजिन बंद होणं थांबलं असेल तर बॅटरी तपासून घ्या.

२२. डिझेलची मिळेल का?

युरोपात सीएलई कॅब्रिओले डिझेलमध्ये आहे. आपल्याकडे फक्त पेट्रोल.

२३. प्लग-इन हायब्रिड घेतली तर प्रश्न सुटेल का?

घरी चार्जिंग असेल आणि रोजचं अंतर कमी असेल तर बराचसा. २०२४ च्या बेंटली जीटीसी स्पीडमध्ये ७८२ अश्वशक्तीबरोबर २५.९ किलोवॉट-तासांची बॅटरी आहे, विजेवर ऐंशीच्या आसपास किलोमीटर जाते. कागदावर तिचं मायलेज अविश्वसनीय दिसतं, कारण चाचणीचा मोठा भाग विजेवर होतो. चार्ज न करता चालवली तर ती बॅटरीचं ओझं वाहणारी व्ही८ गाडी आहे. नव्या पोर्शे ९११ जीटीएसची हायब्रिड यंत्रणा वेगळी. तिची बॅटरी १.९ किलोवॉट-तासांची, बाहेरून चार्ज होत नाही, तिचा हेतू मुख्यतः ताकद.

पूर्ण विजेवरची हवी असेल तर प्रश्न ५ मधली सायबरस्टर बघा. आणि प्रश्न १० व १३ मधले हवेचे नियम तिलाही तसेच लागू आहेत.

२४. जुनी गाडी बघायला चाललोय. मायलेजवरून काही कळेल का?

मालकाने सांगितलेला आकडा बाजूला ठेवा. पडद्यावरची ‘रीसेटपासून’ची सरासरी बघा आणि तिच्या शेजारचा सरासरी वेगही वाचा. ताशी १८ च्या सरासरी वेगाला ११ चं ॲव्हरेज दिसत असेल तर काहीतरी जुळत नाही. मग ट्रिप शून्यावर करून, छत बंद ठेवून, तीस किलोमीटर एका वेगाने जा आणि त्याच रस्त्याने परत या. उतरल्यावर चारही टायरवरची तारीख आणि नक्षी तपासा, चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या लेबलचा फोटो काढून घ्या.